अलास्काच्या बोटीवर पहिल्यांदाच जातेयस ना?

अगं, केबिनचा विचार सोड, छोट्या बोटीची सगळी मजा डेकवर असते. ग्लेशियर बे या खाडीत जायच्या दिवशी सहाच्या आत उठ. साउथ मार्बल बेटाजवळ पफिन पक्षी आणि स्टेलर सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, दिसतात. सी लायनचा वास आला की थेट ससून डॉक आठवतो!

मार्जरी हिमनदीसमोर मात्र थोडा वेळ कॅमेरा खाली ठेव. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. आवाज ऐकून मान वळवलीस तर उशीर झालेला असतो, म्हणून नजर बर्फावरच ठेव. १७९४ मध्ये ही जवळजवळ अख्खी खाडी बर्फाखाली होती. तिथे उभं राहून ते आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

पाऊस तिथे भरपूर. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा रेनकोट आणि आत लोकरीचं घे. मांडव्याच्या लाँचमध्ये तुला मळमळतं, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या बरोबर ठेव. दुर्बीण विकत घेऊ नकोस, माझी ने. रविवारी दादरला ये, फोकस कसा लावायचा तेही दाखवते.