रजेवरून परतल्यावरही थकवा का जात नाही?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या ग्राहक-तक्रार विभागात नऊ वर्षे काम करते. आमच्या सहा जणांपैकी दोघांनी गेल्या वर्षी नोकरी सोडली. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, काम मात्र आमच्यात वाटले गेले. रात्री दहानंतरही व्हॉट्सॲपवर कामे येतात. पूर्वी ग्राहकाची अडचण सुटली की बरे वाटायचे, आता फोन वाजला तरी चीड येते. मे महिन्यात आठ दिवस गुहागरला जाऊन आले, पण पहिल्याच सोमवारी सारे पूर्ववत झाले. माझ्यातच चिकाटी कमी आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जी चिकाटी आठ वर्षे टिकली ती नवव्या वर्षी अचानक आटली, असे मानण्यापेक्षा त्या वर्षात कामात काय बदलले ते पाहणे अधिक योग्य ठरेल, आणि ते आपण स्वतःच लिहिले आहे. सहा जणांचे काम चौघांवर आले. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तेथून मेट्रो हा प्रवास दमवणारा आहेच, परंतु तो आधीही होता. फरक इतकाच, की पूर्वी घरी पोहोचल्यावर दिवस संपत असे आणि आता तो मोबाइलमधून मागे येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदवलेला आहे. त्याची लक्षणे तीन : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. फोन वाजताच येणारी चीड हे यातले दुसरे लक्षण होय. तो स्वभावातला बिघाड नव्हे. या विषयाच्या अभ्यासक ख्रिस्तीना मास्लाक यांनी कामाच्या भाराबरोबरच कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये यांतील विसंगतीही कारणीभूत मानली आहे. आपल्या बाबतीत भार वाढला आणि कोणते काम केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा गेली, हे दोन्ही एकदम घडले. रजेने शरीराला विसावा मिळतो, पण टेबलावरचे काम तेवढेच राहते. (दुपारी योगशिबिर भरवून त्याच लोकांना रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवणाऱ्या कंपन्यांना हे कधी उमगेल, कोण जाणे.)

प्रथम डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांतील दोषांमुळेही असाच थकवा येतो. कामाबाहेरच्या आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप उडाली असेल किंवा जगणेच नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास विलंब करू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.

त्यानंतर महिनाभर रोजचे तास आणि गेलेल्या दोघांकडून आलेली कामे नोंदवावीत, आणि ती यादी वरिष्ठांना ईमेलने पाठवून यांतले आधी कोणते करू व कोणते मागे ठेवू, एवढेच विचारावे. ‘फार काम आहे’ या तक्रारीला ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर तयार असते. लेखी यादीला मात्र काही तरी ठरवून उत्तर द्यावे लागते. ते दोन-तीन महिन्यांतही आले नाही, तर दुसरी नोकरी शोधण्यात पळपुटेपणा नाही. फक्त राजीनामा रविवारी संध्याकाळी लिहू नये, आणि नव्या मुलाखतीत ती जागा रिकामी का झाली व किती दिवस रिकामी आहे, हे आवर्जून विचारावे.