भिंतीवरचे लघुचित्र गेले कुठे?

प्रश्न : मागील दिवाळीच्या सुट्टीत मुंबईतील एका संग्रहालयात मी नातीला एक लघुचित्र दाखवले होते. यंदा तेच पुन्हा पाहायचे म्हणून आम्ही ठाण्याहून मुद्दाम गेलो, तर त्या जागी दुसरेच चित्र होते. विचारल्यावर ‘बदलले’ एवढेच उत्तर मिळाले. संग्रहालये चांगली चित्रे का काढून टाकतात? परदेशातून येणाऱ्या वस्तू भाड्याने आणतात का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : चित्र काढून टाकले नसावे, ठेवणीत गेले असावे. आपण पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवतो आणि मोजक्या प्रसंगी नेसतो, तसेच लघुचित्रांचे आणि जुन्या वस्त्रांचे असते. पश्चिमेच्या गॅलरीत टांगलेल्या कॅलेंडरचा लाल रंग काही महिन्यांत कसा विटतो, हे ठाणेकरांना सांगायला नको. प्रकाशाने झालेली ही हानी साठत जाते आणि विश्रांती दिली तरी भरून येत नाही; विश्रांतीमुळे पुढची हानी तेवढी लांबते. म्हणूनच कागदावरील चित्रांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) ठेवतात, तर तैलचित्रांना सुमारे २०० लक्स चालतो. दालन अंधारे वाटते, अशी तक्रार अनेक जण करतात, त्याचे कारण हेच. प्रकाश निम्मा केला, तर तेवढ्याच हानीला साधारण दुप्पट काळ लागतो, असा हा हिशेब आहे. काही महिने दर्शनी भिंतीवर राहिलेले चित्र त्यानंतर बराच काळ अंधाऱ्या कोठारात जाते आणि रिकाम्या जागी संग्रहातलेच दुसरे लावले जाते. मात्र नुसते ‘बदलले’ म्हणून वाटेला लावणे मला पटत नाही. कारण सांगणारी दोन ओळींची पाटी लावायला काय हरकत आहे?

आता उसनवारीविषयी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ मध्ये ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन भरले, ते ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या भागीदारीत. तयार प्रदर्शन आणून मांडले, असे ते नव्हते. भारतातील संग्रहांमधल्या वस्तू परदेशातून आलेल्या वस्तूंशेजारी ठेवून नऊ कथांतून इतिहास सांगितला गेला आणि पुढे ते दिल्लीलाही गेले. २०२३ च्या अखेरीस याच संग्रहालयात भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र आली, तेव्हा लंडनबरोबर बर्लिन आणि लॉस एंजेलिस येथील संग्रहालयेही सहभागी होती.

अशा सुट्या वस्तूंना बहुधा भाडे नसते, पण बांधणी, वाहतूक आणि विमा यांचा खर्च साधारणपणे उसनी घेणाऱ्यावर पडतो. पेटी पोहोचली तरी ती लगेच उघडत नाहीत. दालनातील हवेची सवय व्हावी म्हणून सुमारे २४ तास तशीच ठेवतात. मग दोन्हीकडचे संवर्धक विजेरीचा तिरपा झोत टाकून वस्तू इंचाइंचाने तपासतात आणि नाकावरचा जुना टवका, बोटाजवळची केसासारखी भेग, सारे छायाचित्रावर खुणा करून नोंदवतात. परतीच्या दिवशी हीच नोंद पुन्हा समोर ठेवली जाते, कारण नवा ओरखडा कोणाच्या ताब्यात असताना पडला, हे त्यावरूनच ठरते. उलट दिशेने, आपल्या शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती अथवा चित्रे परदेशी प्रदर्शनासाठी पाठवायची, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार केंद्र सरकारची परवानगी लागते.

नातीसाठी एक करता येईल. चित्राखालच्या पाटीवर नोंदक्रमांक असतो. त्या पाटीचे छायाचित्र आपल्याकडे असल्यास तो क्रमांक कळवून संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्र लिहा आणि चित्र पुन्हा कधी लागणार, ते विचारून मगच लोकल पकडा.