ओव्या गोळा करायच्यात? मग आधी जात्यापाशी बस

तू जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला निघालीयस हे तुझ्या पोस्टमध्ये वाचून खरंच खूप बरं वाटलं, फक्त एक सांगते, आजीला खुर्चीत बसवून समोर मोबाईल धरून "म्हणा एखादी ओवी" असं करू नकोस. मी सुरुवातीला तेच केलं, आजी म्हणाली आता काय आठवतंय बाई. मग घरातलं जुनं जातं पुसून काढलं, मूठभर जोंधळे टाकले, तिने खुंटा धरला, दोन फेरे झाले न झाले तोच "पहिली माझी ओवी" सुरू, आणि तासभर थांबलीच नाही, कारण त्या ओव्या हातात असतात गं, घरघरीबरोबरच येतात.

चाल, म्हणजे बायका ज्याला गळा म्हणतात, तो लिहून कळत नाही म्हणून रेकॉर्डिंग हवंच. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद. शब्द जसा उच्चारला तसाच लिही, "पानी"चं "पाणी" करू नकोस. तीच ओवी शेजारच्या गावात वेगळी मिळाली तर दोन्ही ठेव, चूक-बरोबर ठरवायचं आपलं काम नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत, त्या आधी ऐक.

आणि सासरच्या दुःखाची ओवी आली की मधे प्रश्न विचारू नकोस, गप्प बस. रेकॉर्डिंग कुठे टाकायचं असेल तर ओवी म्हणणारीला आधी विचार, आणि तिची हरकत नसेल तर नाव तिचंच लाव.