हेलिकेजवर सेमिनार झाला, आता एम.एस्सी. की बी.एड.?

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातले केळी उत्पादक. मुलगी जळगावला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘पेशीचक्रात आरएनए हेलिकेजचं काम’ या विषयावर तिनं सेमिनार दिला आणि आता त्यातच संशोधन करायचं म्हणते. घरचे म्हणतात, बी.एड. करून टाक. या विषयाला पुढे वाव आहे का? पैसा किती वर्षं लावावा लागेल? – एक पालक

नमस्कार भाऊ,

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, तेव्हा ती घाई आत्ता नको.

आधी विषय थोडक्यात सांगतो, म्हणजे घरात तुम्हालाही समजावता येईल. एका पेशीच्या दोन होण्याला पेशीचक्र म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला त्याला साधारण २४ तास लागतात : पेशी वाढते तो जी-१ टप्पा ११ तास, डीएनएची नक्कल होते तो एस टप्पा ८ तास, विभाजनाची तयारी होते तो जी-२ टप्पा ४ तास आणि प्रत्यक्ष विभाजन तासाभरात. एका टप्प्यातून दुसऱ्यात जायचं की नाही, हे सायक्लिन प्रथिनं आणि त्यांच्या जोडीची सीडीके विकरं ठरवतात; या शोधाला २००१ चं नोबेल मिळालं. सायक्लिन तयार होण्यासाठी त्याचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा रेणू) रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला, वाचता आला पाहिजे, आणि काही आरएनएंचं सुरुवातीचं टोक सुताच्या गुंत्यासारखं अडकलेलं असतं. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीची ऊर्जा खर्चून हा गुंता सोडवतं ते हेलिकेज. डीडीएक्स-३ हे हेलिकेज कमी केलं की सायक्लिन ई-१ प्रथिन घटतं आणि पेशी जी-१ मधून एसमध्ये जाताना अडतात, असं २०१० मध्ये दिसून आलं. आरएनए तेवढाच होता, त्यापासून प्रथिन बनणं अडलं होतं. कर्करोगात याच चक्राचा ताबा सुटतो. म्हणून ईआयएफ-४ए या हेलिकेजला रोखणारी औषधं रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत.

तेव्हा विषय भक्कम आहे. पण ‘हेलिकेजची एम.एस्सी.’ कुठे नसते. पदवी बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा लाइफ सायन्सेसची, आणि नोकरी मिळते ती हाताला काय येतं त्यावर : पेशी-संवर्धन (प्रयोगशाळेत पेशी वाढवणं), वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन मोजणं), क्यूपीसीआर (आरएनए मोजणं), फ्लो सायटोमेट्री (यंत्रातून एकेक पेशी तपासणं).

पेशी कुठल्या टप्प्यात आहेत हे कसं मोजतात, तेवढं एक बघा. पेशी थंडगार ७० टक्के इथेनॉलमध्ये आहे त्या स्थितीत टिकवतात; इथेनॉल थेंबाथेंबानं, नळी हलवत घालायचं, एकदम ओतलं की गुठळ्या. मग डीएनएला चिकटणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग, मिलिलिटरला साधारण ५० मायक्रोग्रॅम, आणि सोबत आरएनए तोडणारं आरएनेज-ए. फ्लो सायटोमेट्रीचं यंत्र एकेका पेशीतला रंग मोजतं; त्यावरून डीएनए किती आणि टप्पा कुठला ते कळतं. हा रंग आरएनएलाही चिकटतो, म्हणून आरएनेज विसरलं तर आलेख पसरट येतो. चिकटलेल्या दोन जी-१ पेशी यंत्राला एक जी-२ पेशी वाटतात; त्या वगळल्या नाहीत तर निष्कर्षच उलटा. आणि डिशमध्ये पेशींची दाटी झाली की त्या आपोआप जी-१ मध्ये थांबतात. मग दोष हेलिकेजचा की दाटीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. असं काम महिनोन्‌महिने करायला मुलीला आवडेल का, हे सेमिनारवरून कळत नाही. त्यासाठी तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची समर फेलोशिप आहे. तिचा अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात भरावा लागतो आणि बरीच मुलं तिथेच चुकतात.

एम.एस्सी.साठी जळगावातच कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात लाइफ सायन्सेसचा विभाग आहे. घराजवळ, कमी खर्चात दोन वर्षं निघतील. बाहेर जायचं तर आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीचं गणित, भौतिक, रसायनही असतं. बारावीला गणित सोडलेल्यांनी आधी तेच हाती घ्यावं. गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा दिली तर डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांत प्रवेश आणि विद्यावेतन दोन्ही मिळतं. मी आधी गॅट-बी बघेन. कॉलेज निवडताना शेवटचं सत्र पूर्णवेळ प्रबंधाचं आहे का आणि पेशी-संवर्धनाची खोली चालू आहे का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

म्हणजे घरचा पैसा दोनच वर्षं. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची संशोधन-शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. नेट पाठांतरानं निघत नाही : २०० पैकी १०० गुण ‘क’ भागाला. तिथे ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, आणि प्रश्न असा की आरएनए तेवढाच, प्रथिन कमी, तर अडलं कुठे? जेआरएफ नाहीच मिळाली, तरी संवर्धन येणाऱ्या एम.एस्सी.ला पुणे-हैदराबादच्या जैवऔषध कंपन्यांत काम मिळू शकतं. सुरुवातीचा पगार बेताचा, तो मात्र धरूनच चला.

ओबीसीत येत असाल तर आणखी एक. जॅम, नेटला केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेयर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. अर्ज सुरू व्हायच्या आधीच तहसीलमधून तो काढून ठेवा.