डोळ्याच्या ऑपरेशनआधी ‘रिॲक्टिव्ह’ आलं!

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमच्या यजमानांना (वय ६१) १९९४ साली अपघातानंतर रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी शुगरच्या तपासणीत प्लेटलेट कमी दिसल्या, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या आणि हिपॅटायटिस सी निघाला. सिव्हिलमधून बारा आठवडे रोज एक गोळी मिळाली, एक पैसा लागला नाही. गोळ्या संपून तीन महिने झाल्यावर रक्त तपासलं, तेव्हा ‘आरएनए नॉट डिटेक्टेड’ आलं. आम्ही पेढे वाटले. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त घेतलं तर ‘अँटी एचसीव्ही : रिॲक्टिव्ह’! तिथल्या बाई म्हणाल्या, आजार उलटलाय. ऑपरेशन पुढे ढकललं. ह्यांची झोप उडाली आहे. परत गोळ्या घ्याव्या लागतील का? फाइलच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आजार उलटलेला नाही. गोळ्याही नकोत. त्यांना आधी एवढं वाचून दाखवा, मग पुढचं वाचा. कारण तुमच्या फाइलमध्ये मला खटकलेला कागद दुसराच आहे.

ऑपरेशनआधी बोटभर पट्टीवर जी चाचणी करतात ती अँटीबॉडीची. ‘एचसीव्ही’ म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू, तो यकृतात ठाण मांडतो. शरीराने या विषाणूशी कधीतरी झुंज दिली होती, एवढंच ती सांगते. विषाणू आज आहे की नाही, हे तिला कळतच नाही. देवी येऊन गेल्या तरी तोंडावरचे व्रण राहायचे, तसंच हे. बऱ्या झालेल्या बहुतेक रुग्णांत ही अँटीबॉडी वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर राहते. म्हणजे तुमच्या यजमानांचा गुडघा बदलायचा असो की हर्निया, दर वेळी ‘रिॲक्टिव्ह’च येणार. ज्याने हिपॅटायटिस सीचे उपचार घेतलेत त्याची अँटीबॉडी पुन्हा तपासून हाती काही लागत नाही, घरात रडारड तेवढी होते. महिन्यातून एखादं तरी पत्र याच कारणासाठी येतं.

विषाणू आहे का, हे विचारायचं तर आरएनए, म्हणजे तुम्ही ज्याला व्हायरल लोड म्हणता ती चाचणी. तीसुद्धा शेवटची गोळी घेतल्यावर लगेच करून निकाल लागत नाही. गोळ्या चालू असताना विषाणू इतका दबतो की चाचणीत दिसत नाही. औषध बंद केल्यावर ज्या थोड्यांत तो परत डोकं वर काढतो, त्यांच्यातल्या बहुतेकांत ते पहिल्या काही आठवड्यांतच दिसतं. म्हणून बारा आठवडे थांबून रक्त घ्यायचं. तेव्हा ‘नॉट डिटेक्टेड’ आलं की आम्ही बरा झाला म्हणतो, आणि त्यानंतर तोच विषाणू परतण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. यजमानांचा तो रिपोर्ट फाइलमध्ये आहे, तारीखही बरोबर आहे. त्याच्या चार झेरॉक्स काढा, एक डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या. तरीही त्यांना खात्री हवी असेल तर आरएनए एकदा करा, पट्टी नको. आणि खरं सांगायचं तर त्यासाठी ऑपरेशन अडवायचं कारण नव्हतं. हातमोजे, निर्जंतुक हत्यारं ही काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते.

आता तो दुसरा कागद. उपचार सुरू होण्याआधीचा, पिवळा पडलेला रिपोर्ट : प्लेटलेट ९८ हजार, एसजीओटी ८४, एसजीपीटी ८१ (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम). वय तेव्हा ५८. यावरून यकृत किती कडक झालंय याचा अंदाज देणारा एक हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ५८ गुणिले ८४ : ४८७२. खाली प्लेटलेट हजारात, ९८, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ९ : ८८२. भागाकार साडेपाच. हा आकडा सव्वातीनच्या वर गेला की यकृतावर भरपूर वण धरल्याची, सिरॉसिसची, दाट शंका घ्यायची. सिव्हिलच्या डॉक्टरांनी ती घेतलेली दिसते. गोळीच्या पाकिटावर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर अशी नावं आहेत. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या सरकारी हिपॅटायटिस कार्यक्रमात सिरॉसिस नसलेल्याला सर्वसाधारणपणे सोफोसबुविरबरोबर डॅक्लाटासविर देतात. वेल्पाटासविरची जोडगोळी सिरॉसिसवाल्यांसाठी. केसपेपरवर कोपऱ्यात लिहिलंही आहे : ‘सोनोग्राफी दर ६ महिने’. फाइलमध्ये सोनोग्राफी एकच आहे, उपचाराआधीची.

पेढे वाटल्यावर दवाखान्याची पायरी कोण चढतो? पण विषाणू गेला म्हणून यकृतावरचे वण पुसले जात नाहीत. काही वर्षांत ते थोडेफार विरतात, कर्करोगाचा धोकाही पुष्कळ उतरतो, तरी सिरॉसिस झालेल्यात तो शून्यावर येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, जोडीला एएफपी ही रक्ताची चाचणी, आणि हे कायम. गाठ लहान असताना सापडली तर जाळून किंवा कापून काढता येते. पोट दुखायला लागल्यावर सापडली तर हे पर्याय बहुधा उरत नाहीत. आता सगळं चांगलं आलं, फिब-४ही उतरला, तरी सोनोग्राफी बंद करू नका. बरं झाल्यावर उतरलेल्या आकड्यावर त्यासाठी विसंबता येत नाही.

तेव्हा या आठवड्यात सोनोग्राफी, एएफपी, सीबीसी आणि लिव्हर फंक्शन. प्लेटलेट अजून दीड लाखाच्या खाली असतील तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, हे दुर्बिणीने बघायचं की कसं, ते पोटाच्या डॉक्टरांना विचारा. एसजीपीटी अजूनही वाढलेलं निघालं तर कारण वेगळं शोधावं लागेल. शुगर आहे म्हणता, तेव्हा पहिला संशय फॅटी लिव्हरचा. दारू थेंबभरही नको. आणि कुणी काविळीचा पाला आणून दिला तर नमस्कार करून परत करा.

राहता राहिलं तुमचं. १९९४ साली आपल्या रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती, ती २००१पासून झाली. विषाणूचा शोधच मुळी १९८९चा. म्हणजे यजमानांना लागण होऊन इतकी वर्षं तुम्ही एका घरात आहात. नवरा-बायकोत हा आजार क्वचितच पसरतो, पण ब्लेड, नेलकटर एकच असतं. तुमची तपासणी फाइलमध्ये कुठे दिसली नाही. ती एकदा करून घ्या. तुम्हाला मात्र अँटीबॉडीचीच!

प्रश्न : मी डायलिसिसवर आहे. हिपॅटायटिस सी बरा झाला. पुन्हा तपासायचं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, आणि तुम्ही विसरायचंच नाही. अँटीबॉडी असली म्हणून नवी लागण टळत नाही, आणि आठवड्यातून दोन-तीनदा रक्त मशिनमधून जाणाऱ्याला धोका इतरांहून जास्त. दर सहा महिन्यांनी आरएनए करायचा, अशी किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तुमच्या सेंटरला ‘एचसीव्ही मशिन’ वेगळं आहे आणि बरे झाल्यावरही तुम्हाला त्यावरच ठेवलंय का, हेही विचारा. तज्ज्ञांचा भर वेगळ्या मशिनवर नाही. दोन पेशंटच्या मध्ये सिस्टरने हातमोजे बदलणं, हात धुणं आणि औषधाची कुपी दोघांत न वापरणं, याने लागण थांबते. खुर्चीवर बसल्या बसल्या तुम्हाला हे दिसतं. दिसलं नाही तर बोला.

प्रश्न : पूर्ण बरा झालो, आता रक्तदान चालेल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, कधीच नाही. हिपॅटायटिस सी होऊन गेलेल्याचं रक्त आपल्या नियमांनुसार कायमचं बाद. शिबिरात मदत करा, नाव नोंदवायला माणसं कमीच असतात.