मुलगा पाचवीत आहे आणि आजोबांसोबत रात्री जागून फुटबॉल बघतो, थांबवावं का?

अजिबात थांबवू नका. पाचवीतल्या पोराची एखादी झोप बुडाल्याने काही बिघडत नाही.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. माझे आजोबा म्हणजे आबा, त्यांची गिरणी १९८२ च्या संपात सुटली ती कायमचीच, त्यानंतर घरात त्यांना कोणी काही विचारेना, मी सोडून. मला ते कूपरेज मैदानावर फुटबॉल बघायला न्यायचे, रोव्हर्स कप स्पर्धेला कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल यायचे आणि त्यांच्यासाठी गर्दी व्हायची, पण आबा मफतलालवाले, गिरणीवाल्यांची टीम म्हणून, मग समोर कोणी का असेना. नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि भारत चौथा आला हे मला पाढ्यांआधी पाठ होतं.

आणि १९८६ च्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना-इंग्लंड क्वार्टर फायनल. मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकरा, सोमवारी शाळा. आई झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज बंद आणि कॉमेंट्री आबांची, अगदी कानाशी, तपकिरीच्या वासासकट. मॅराडोनाचा पहिला गोल झाला, बाहेर गॅलरीत आरडाओरडा, मी पण उड्या मारतोय, आबा मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, "हाताने मारलाय रे." मी म्हटलं रेफरीने तर दिला. "रेफरीने दिला म्हणून हाताचा पाय होतो काय?" अर्जेंटिनाकडून होते हो ते, तरी! मग चार मिनिटांनी तो दुसरा, स्वतःच्या हाफमधून निघून एकेकाला मागे टाकत शेवटी गोलकीपर शिल्टनलाही चकवून मारलेला. तेव्हा आबा उठले, मला बखोटीला धरून उभं केलं आणि म्हणाले, "आता वाजव टाळ्या."

आमचे काका अजून कुठल्याही लग्नकार्यात भेटले की ऐकवतात, म्हाताऱ्याने स्वतःचं काम गेल्यावर पोराला नादाला लावलं, मुंबईत क्रिकेट सोडून कशात काय आहे, वगैरे. काका, माझा अभ्यास कधी बुडाला नाही, पास होत गेलो, नोकरीला लागलो. आणि खरं-खोटं कशाला म्हणतात ते मला त्या रात्री कळलं, शाळेत नाही. तुमच्या मुलांना आबा कोणत्या टीमचे होते ते तरी माहितीये का?

असो. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅचेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर असतात, त्याही आठवड्याच्या मधल्या दिवशी, त्या रोज नकोत, सकाळी हायलाइट्स बघू देत. इंग्लंडची प्रीमियर लीग शनिवार-रविवारी संध्याकाळी पण असते, ती बिनधास्त. आजोबांना बीपी असेल तर गोळी मॅचच्या आधीच द्या, नंतर आठवण राहत नाही. आणि आपल्या मुंबई सिटी क्लबची अंधेरीला मॅच असली की दोघांची तिकिटं काढा, दोघांचीच, तुम्ही मध्ये जाऊ नका.