डोंगर नव्हेत, ठोके

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या दिवसांवर लिहिताना जॉय डिव्हिजन या तिकडच्याच बँडचं नाव ओघात आलं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली तीन इथे घेते आहे.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी गेले सहा महिने एकच काळा टी-शर्ट घालते. त्यावर पांढऱ्या रेषांचे डोंगर आहेत. ‘कुठला ट्रेक गं हा?’ असं विचारलं तर हसत सुटली. म्हणाली, बँड आहे, जॉय डिव्हिजन. मग मी शोधून वाचलं. गाणारा मुलगा तेविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला, आणि बँडचं नाव कुठून उचललंय ते वाचून तर शहारलेच. टी-शर्ट लपवून ठेवावा का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, लपवू नका. ‘धुवायला टाकलाय’ म्हणून किती दिवस काढाल?

आधी डोंगरांचं सांगते. ते डोंगर नव्हेत, एका ताऱ्याचे ठोके आहेत. १९६७ साली केंब्रिजमध्ये पीएच.डी. करणाऱ्या जोसेलिन बेलला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक विचित्र खूण सापडली. दर १.३३ सेकंदांनी एक ठोका, घड्याळासारखा. माणसाला सापडलेला हा पहिला पल्सार, म्हणजे ठरलेल्या लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा. (१९७४ सालचं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. असो, हे सदर गाण्यांचं आहे.) पुढे पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या दुर्बिणीने त्याच ताऱ्याचे ठोके टिपले आणि हॅरोल्ड क्राफ्ट या संशोधकाने ते एकाखाली एक रचून आपल्या प्रबंधात छापले. तिथून ते चित्र खगोलशास्त्राच्या एका कोशात गेलं आणि कोशातून या पोरांच्या हाती लागलं. पीटर सॅव्हिल या डिझायनरने पांढऱ्यावरच्या काळ्या रेषा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. १९७९ च्या जूनमध्ये ‘अननोन प्लेझर्स’ ही त्यांची पहिली एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, या वेष्टनात निघाली. पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही.

तुम्ही नाशिकच्या, म्हणजे पुण्याला येताना नारायणगाव लागतंच. तिथून आत खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि त्याही याच जातीच्या ताऱ्यांचे ठोके ऐकतात. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. भाच्याला घेऊन मी गेले होते, तर शाळेच्या पोरांना माहिती सांगणाऱ्या एका मुलाच्या अंगात हाच टी-शर्ट! मी म्हटलं, ‘बँड आवडतो?’ तो म्हणाला, ‘कुठला बँड?’ लेकीला घेऊन जा एकदा.

आता नाव. ते वाईटच आहे. नाझी छळछावण्यांत ज्या भागात बायकांना कोंडून त्यांच्यावर अत्याचार होत, त्या भागाचं हे नाव एका कादंबरीत आलं होतं, तिथून यांनी घेतलं. आधी ते ‘वॉर्सा’ होते, १९७८ च्या सुरुवातीला हे नाव लावलं. पंक या बंडखोर, दणदणाटी संगीताच्या त्या दिवसांत थोरांना डिवचायचं म्हणून पोरं काहीही करत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज पासष्टी ओलांडल्यावर तर नाहीच. लेकीला नावाचा अर्थ ठाऊक आहे का, एवढं मात्र विचारा. नसेल तर तुम्हीच सांगा.

आणि तो गाणारा मुलगा, इयन कर्टिस. त्याच्या मरणाभोवती इतकं धुकं साचलंय की त्याच्या नोकरीचं कुणी बोलतच नाही. मॅक्लसफील्डच्या रोजगार कार्यालयात तो अपंग माणसांना काम मिळवून द्यायचा. तिथे येणाऱ्या एका तरुणीला फिट्स यायच्या. पुढे ती गेल्याचं कळलं, त्यातून ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं झालं. १९७९ च्या जानेवारीत त्याला स्वतःलाच एपिलेप्सीचं, म्हणजे फिट्स येण्याच्या आजाराचं, निदान झालं. तेव्हाची औषधं जड होती, मनावरही परिणाम करणारी. रात्री कार्यक्रम, जागरणं, लखलखणारे दिवे, घरी तान्ही मुलगी. आपल्याकडे माझ्या चुलतभावाला फिट आली की बायका नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरत, आणि माणसं त्याच्या लग्नाचं कुजबुजत. तिकडे कांदा नव्हता, इतकाच फरक. स्टेजवर इयनचे हात चक्रासारखे फिरायचे, आणि हा नाच की झटका ते समोरच्यांना कळायचं नाही. लोक टाळ्या वाजवायचे.

याचा एक साक्षीदार माझ्या ओळखीचा आहे. लग्न होऊन १९८१ साली मी स्टॉकपोर्टला गेले. आमच्या घरमालकिणीचा मुलगा विशीतला होता, टोप्यांच्या कारखान्यात कामाला. हे गाणं मला त्याने ऐकवलं. घरापासून दोन गल्ल्यांवर वॉटर्लू रोडला स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. ती एलपी तिथेच रेकॉर्ड झाली होती आणि मी रोज त्या स्टुडिओच्या दारावरून पाव आणायला जात होते! तर, ८ एप्रिल १९८० ला बरी गावच्या डर्बी हॉलमध्ये हा मुलगा तिकीट काढून गेला होता. इयन आजारी होता. तो थोडंसंच गायला, बाकीची गाणी दुसऱ्यांनीच म्हटली. पब्लिक बिथरलं, बाटल्या उडाल्या, मारामारी झाली. चाळीस दिवसांनी, १८ मेला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी इयन गेला. हा मुलगा आता आजोबा झालाय. गोष्ट निघाली की तो दर वेळी त्याच शब्दांत सांगतो, ‘बाटली मी नव्हती फेकली. शिट्ट्या मारल्या होत्या.’ मग चहा करायला उठतो.

गाण्याने मूल बिघडत नाही, ताई. पण ती गप्प गप्प असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर टी-शर्टाचा विषय सोडा आणि तिच्याशी बोला, लागलं तर डॉक्टरांकडे न्या. तशी नसेल आणि नुसतीच मोठ्याने गाणी लावत असेल, तर दार लावून घ्या.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपतीत वीस-वीस कार्यक्रम होतात, पण माझं वाजवणं कुणाच्या लक्षात येत नाही. आमचा की-बोर्डवाला म्हणतो, ‘तू नसलास तरी चालतंय.’ तुमच्या त्या बँडमध्ये म्हणे बेसवरच गाणी उभी आहेत. हे जमवलं कसं त्यांनी? — कोल्हापूर

उत्तर : भंगार स्पीकरमुळे जमलं! चेष्टा नाही.

४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. माणसं जेमतेम चाळीस. (आता मँचेस्टरात साठीचा जो तो सांगतो, मी होतो तिथे. त्या चाळिसांचे चारेक हजार झालेत.) सॅल्फर्डचे दोन शाळूमित्र मात्र खरोखर होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. यांना वाजवता येत नाही तरी हे स्टेजवर आहेत, मग आपण का नाही, असं त्यांना वाटलं. हुकने दुसऱ्या दिवशी पस्तीस पौंडांत बेस, म्हणजे खालच्या सुरांची, गिटार आणली. वाजवायला शून्य. तालमीत समनर गिटार मोठ्याने वाजवायचा आणि हुकच्या स्वस्तातल्या सामानातून खालचे सूर ऐकूच यायचे नाहीत. म्हणून तो वरच्या सुरांत, बारीक तारांवर वाजवायला लागला. निदान स्वतःला तरी ऐकू यावं! इयनला ते आवडलं. ‘वरच वाजव,’ म्हणाला. झालं, गाण्याची चाल बेसकडे आली आणि गिटार नुसती मध्ये मध्ये ठिणग्या टाकायला उरली. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ ऐका, गुणगुणताना ओठांवर येते ती हुकची ओळ.

दुसरा हात मार्टिन हॅनेट या निर्मात्याचा. त्याने स्टीफन मॉरिसला ड्रमचा एकेक नग सुटा सुटा वाजवायला लावून रेकॉर्ड केलं. एका गाण्यात तर मॉरिसला छोट्या खोलीत कोंडून तालावर स्प्रेचा डबा फुसफुसवायला लावला. चार वाद्यांच्या मध्ये त्याने इतकी मोकळी जागा ठेवली की रिकाम्या गिरणीत कुणीतरी वाजवतंय असं वाटतं. हुक आणि समनर दोघेही चिडले होते. आमचा दणका कुठे गेला, म्हणून. त्यांचं चुकलं होतं असं माझं मत, पण एलपी ऐकून मग कार्यक्रमाची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकली की त्यांचा राग कळतो. स्टेजवर ते खरंच घर हलवत.

तर तुमच्या की-बोर्डवाल्याला पुढच्या तालमीत गप्प बसवा आणि एका गाण्याचं म्युझिक तुम्ही वरच्या तारांवर घ्या. मंडळाचे अध्यक्ष ओरडले तर माझं नाव सांगू नका.

प्रश्न : न्यू ऑर्डर आणि जॉय डिव्हिजन एकच का? आमच्या ग्रुपमध्ये वाद पेटलाय. शिवाय माझा मुलगा म्हणतो, या लोकांचं आता कोण ऐकतं? — ठाणे

उत्तर : माणसं तीच, बँड वेगळा. इयन गेल्यावर उरलेल्या तिघांनी ते नाव परत लावलं नाही. १९८० सालीच जिलियन गिल्बर्ट आली, चौघे झाले आणि न्यू ऑर्डर म्हणून नाचायचं संगीत करू लागले. १९८३ चं ‘ब्लू मंडे’ तुम्ही डिस्कोत ऐकलंच असणार, नाव माहीत नसेल इतकंच. २००७ मध्ये हुक बाहेर पडला. आता दोन्ही बाजू आपापल्या कार्यक्रमांत जुनी गाणी वाजवतात, दोन चुलत्यांनी वेगवेगळे गणपती बसवावेत तशी.

मुलाला विचारा, द किलर्स हा बँड माहीत आहे का? असणारच. हे नाव त्यांनी न्यू ऑर्डरच्या एका व्हिडिओतल्या खोट्या बँडवरून घेतलं, आणि जॉय डिव्हिजनचं ‘शॅडोप्ले’ही गायलं. मग त्याला मूळ गाणं ऐकवा. अंधारात नको, गाडीत ऐकवा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये.

एक कबुली मात्र राहिली. घरमालकिणीच्या मुलाने विश्वासाने दिलेली ती ‘अननोन प्लेझर्स’ मी पहिल्याच हिवाळ्यात गरम रेडिएटरवर ठेवली होती. तासाभरात कडा पापडासारखी उचलली गेली. मी रडले, तो काही बोलला नाही. तीच तबकडी तो अजून लावतो. पहिल्या गाण्यात सुई तीनदा उडी मारते. गेल्या वर्षी नातवाने फोनवर तेच गाणं सलग ऐकवलं, तर म्हणाला, ‘हे कुठेतरी चुकतंय.’